जुन्या मोटारीच्या पेट्रोल टाकीतील गंज : कारणे, निर्मूलन आणि जतन

प्रस्तावना

मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० आणि तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी या मोटारींनी महाराष्ट्राच्या रस्त्यांवर अनेक दशके सेवा दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतूनही पद्मिनी निवृत्त झाली. आज या मोटारी प्रामुख्याने हौशी संग्राहकांकडे आढळतात व वर्षातील बराच काळ उभ्याच असतात. उभ्या मोटारीचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे तिची पेट्रोल टाकी. गंजाचे कण गाळणीत, पंपात व कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत अडकतात आणि चढावर गाडी बंद पडते. मात्र गंज हा पाण्याच्या प्रवेशाचा परिणाम आहे. मूळ कारण दूर न करता केलेली सफाई अल्पकाळच टिकते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा रसायनशास्त्र, सुरक्षितता आणि वारसा-जतन अशा तीन अंगांनी विचार केला आहे.

गंजाची कारणमीमांसा

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होऊन सजल लोह ऑक्साइड तयार होते. ते मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते व सच्छिद्र असते. त्यामुळे खालच्या धातूचे रक्षण न होता गंज आत सरकत राहतो. अर्धवट भरलेली टाकी दिवसा तापते व रात्री थंड होते. या चढउतारात बाहेरची दमट हवा आत येते आणि तिच्यातील बाष्प वरच्या पत्र्यावर दवरूपाने साचते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते तळाशी उतरते. म्हणून गंज मुख्यत्वे दोन ठिकाणी दिसतो : वरच्या रिकाम्या भागात आणि तळाच्या खोलगट जागेत. कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत ही क्रिया अधिक वेगाने घडते.

यात इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये सरासरी २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठल्याचे शासनाने २०२५ मध्ये जाहीर केले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल यांचा संयुक्त थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो आणि पत्रा गंजवतो. शिवाय इथेनॉलमुळे जुनी चिकट साठवण सुटते व जुन्या रबरी नळ्या खराब होतात.

सुरक्षितता : रिकाम्या टाकीचा धोका

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असता मिश्रण पेट घेऊ शकते. भरलेल्या टाकीत हवेला वाव थोडा असतो व वाफ दाट असते. रिकाम्या टाकीत मात्र हवा शिरून नेमके हेच मिश्रण तयार होते. टाकी कोरडी दिसली तरी सांध्यांत व गंजाच्या छिद्रांत पेट्रोल दडून राहते आणि उष्णता मिळताच त्याची वाफ होते. त्यामुळे केवळ ओतून रिकामी केलेल्या टाकीवर झाळकाम करणे म्हणजे कारागिराच्या जिवाशी खेळ होय. बॅटरीची जोडणी सोडवून टाकी उघड्या हवेत उतरवावी, साबणाच्या पाण्याने अनेकदा धुवावी आणि झाळकाम टाकी वायुमुक्त करण्याची साधने असलेल्या अनुभवी कारागिराकडेच सोपवावे.

भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये बंद झाली. त्यापूर्वीच्या टाकीतील गाळात शिशाची संयुगे असू शकतात. काही जुन्या टाक्यांच्या पत्र्यावर शिसे व कथील यांचा मुलामाही असे. म्हणून हातमोजे वापरावेत, कोरडी धूळ उडवू नये आणि गाळ गटारात ओतू नये.

गंज काढण्याच्या पद्धती

पहिली पद्धत यांत्रिक होय. टाकीत साखळी किंवा नट टाकून ती हलवली असता सैल गंज सुटतो. मात्र टाकीतील आडव्या पडद्यांमागे ही साधने पोहोचत नाहीत आणि पातळ पत्र्याला भोक पडू शकते. ही पद्धत टाकी धुतल्यानंतरच वापरावी.

दुसरी पद्धत आम्लाची. हायड्रोक्लोरिक आम्ल गंजासोबत चांगला धातूही खाते आणि मागे राहिलेले क्लोराइड पुन्हा गंज आणते. त्या तुलनेत सायट्रिक आम्लाचे, म्हणजे बाजारातील लिंबूसत्त्वाचे, ५ ते १० टक्के द्रावण सौम्य ठरते. मूळ मुलामा शाबूत असल्यास मात्र कोणतेही आम्ल जपूनच वापरावे.

तिसरी पद्धत विद्युत-अपघटनाची. टाकीत धुण्याच्या सोड्याचे द्रावण भरून टाकी १२ व्होल्ट चार्जरच्या ऋण टोकाला आणि टाकीला स्पर्श न करणारी साधी लोखंडी सळई धन टोकाला जोडतात. यात चांगला धातू जवळजवळ झिजत नाही. परंतु स्फोटक हायड्रोजन वायू निर्माण होतो; त्यामुळे टाकीची तोंडे उघडी ठेवून काम मोकळ्या जागी करावे. स्टेनलेस स्टीलची सळई टाळावी, कारण तिच्यातून विषारी क्रोमियम संयुगे तयार होतात.

पद्धत कोणतीही असो, उघडा पडलेला ओला धातू काही वेळातच पुन्हा तांबूस होऊ लागतो. म्हणून आम्ल वापरले असल्यास सोड्याच्या द्रावणाने ते निष्प्रभ करणे, स्वच्छ पाण्याने धुणे, तत्काळ सुकवणे व तेलाचा पातळ थर देणे या क्रियांत खंड पडू देऊ नये.

लेप द्यावा की नाही ?

अनेक गॅरेजांत टाकीला आतून इपॉक्सी लेप देण्याची प्रथा आहे. गंजाचा अंश वा ओलावा राहिल्यास लेपाचे पापुद्रे सुटून नळ्या तुंबतात. लेप इथेनॉलला टिकणारा नसेल तर तो विरघळतो. आणि एकदा दिलेला लेप काढणे अतिशय कठीण असते. आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक वाहन महासंघाची तुरीन सनद किमान हस्तक्षेप आणि केलेल्या कामाची नोंद यांवर भर देते. भारतातील २०२१ च्या नियमांनुसारही ५० वर्षांहून जुन्या वाहनाला 'व्हिंटेज' दर्जा मिळण्यासाठी त्याचे मूळ स्वरूप टिकलेले असावे लागते. म्हणून पत्रा सशक्त असेल तर लेपाविना सफाई करावी. मोजकी सूक्ष्म छिद्रे असतील तरच लेपाचा विचार करावा. पत्रा सर्वत्र झिजला असेल तर नवी टाकी बसवून जुनी नोंदीसह जपून ठेवावी.

निष्कर्ष

टाकीच्या पुनरुज्जीवनाचे यश गंज काढण्यापेक्षा पाणी रोखण्यावर अवलंबून असते. झाकणाचे रबर घट्ट ठेवणे, पावसाळ्यापूर्वी टाकी पूर्ण भरणे किंवा दीर्घ मुक्कामासाठी ती पूर्ण रिकामी करून, सुकवून तेलाचा हात देणे आणि ठरावीक काळाने तळाचे पाणी काढणे हे उपाय अल्पखर्चिक आहेत. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातील क्षरणाचा पाठ आणि परिसरातील गॅरेजमधील कारागिराचा अनुभव यांची सांगड घातल्यास विद्यार्थ्यांना उपयोजित विज्ञान शिकता येईल, आणि त्या कारागिराचे कामही अधिक सुरक्षित होईल.