चौदा मिनिटे कुठली?

‘प्रकल्प’ म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? थर्मोकोलचा ज्वालामुखी आणि आदल्या रात्री वडिलांनी रंगवलेला तक्ता! अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली ‘प्रकल्प पद्धती’ हा निबंध लिहिला, तेव्हा त्यांना अभिप्रेत होते ते विद्यार्थ्याने स्वतः हेतू ठरवून मनापासून केलेले काम.

पुण्यातील एका शाळेत मी अधूनमधून जातो. फेब्रुवारीच्या मध्यास नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, घड्याळात बारा वाजले की खरेच मध्यान्ह होते?” वर्गाने तो प्रश्न अंगावर घेतला.

मुलांनी मैदानात ओळंबा लावून एक मीटर उंचीची काठी उभी केली. सर्वांत आखूड सावलीची वेळ टिपायची, हा बेत. पण मध्यान्हाच्या सुमारास सावलीची लांबी बदललेली कळतच नाही! तो दिवस वाया गेला. (मला तसे वाटत नाही.) शेवटी मुलांनीच तोड काढली. काठीभोवती ७२ सें.मी. त्रिज्येचे वर्तुळ आखले. सावलीचे टोक आत शिरताना वर्तुळाला टेकले ११ वाजून ४० मिनिटांनी, बाहेर पडताना १ वाजून ५८ मिनिटांनी. बरोबर मधली वेळ १२ वाजून ४९ मिनिटे.

आता हिशेब पाहा. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, पुणे ७३.८६ अंशांवर. अंशाला ४ मिनिटे धरली, तर मध्यान्ह १२.३५ च्या सुमारास व्हायला हवी. चौदा मिनिटे जास्त कुठली?

“सर, १२.३५ च लिहू या का?” एकाने हळूच सुचवले. प्रयोगवहीत आपण पुष्कळदा हेच करतो, नाही का? मी ४९ च लिहायला लावले. आणखी दोन दिवस मोजले, उत्तर तेच. मग पुस्तके धुंडाळणे सुरू झाले. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, म्हणून सूर्याची वेळ घड्याळाशी वर्षभर जुळत नाही. फेब्रुवारीच्या मध्यास सूर्य सुमारे १४ मिनिटे मागे असतो, तर नोव्हेंबरच्या प्रारंभी सुमारे १६ मिनिटे पुढे.

या खटाटोपात तेथील विज्ञानशिक्षिकांचे दोन धडे मागे पडले आणि त्यांना जादा तास घ्यावे लागले, हेही सांगायला हवे.

नोव्हेंबरात काठी पुन्हा उभी राहिली. मुले तोवर दहावीत गेली होती. अपेक्षित वेळ १२.१९, प्रत्यक्षात आली १२.१८. वहीत १८ लिहिणारा मुलगा तोच, १२.३५ वाला.