पंचनाम्यात मूल कुठे आहे?

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक नेमा, हा सर्वोच्च न्यायालयाचा २५ जुलै २०२५ चा आदेश एव्हाना सर्वांना ठाऊक आहे. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात तो दिला गेला, म्हणून चर्चाही कोटा, लातूर आणि शिकवणी वर्गांभोवतीच फिरली. शेतकरी आत्महत्या होत राहणाऱ्या धाराशिव जिल्ह्यासाठी मात्र त्याच निकालातली दुसरी सूचना जास्त मोलाची आहे. अंमलबजावणीवर देखरेख ठेवायला प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती हवी, असे न्यायालय म्हणते.

ती का मोलाची, ते शेतकरी आत्महत्येच्या फायलीतून कळते. घटना घडली की तलाठी पंचनामा करतो. सातबारा, आठ-अ, बँकेचा कर्जाचा दाखला, शवविच्छेदन अहवाल जोडले जातात. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते आणि ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरते. पात्र ठरल्यास एक लाख रुपये मिळतात. तीस हजार हाती, सत्तर हजार ठेवीत. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज किती, तगादा होता का, याची कसून चौकशी होते. पण भूम किंवा कळंब तालुक्यातल्या त्याच घरात दहा-बारा वर्षांचा मुलगा असतो. तो बोलेनासा होतो, रात्री अंथरूण ओले करतो, शाळेत दुसऱ्याच्या अंगावर धावून जातो. घरचे म्हणतात, ‘बाहेरचं झालंय’, आणि देवर्षी गाठतात. त्याचा रकाना या फायलीत कुठे आहे?

त्या मुलासाठी योजना नाहीत असे नाही. बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये महिला व बालविकास विभागाकडे, शाळेतल्या मुलांच्या आरोग्यतपासणीची पथके आरोग्य विभागाकडे, विशेष शिक्षक समग्र शिक्षा अभियानात. मानसिक आजाराचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र हवे तर वैद्यकीय मंडळापुढे जावे लागते. काळजी आणि संरक्षणाचा प्रश्न आला की बाल कल्याण समिती. प्रत्येक दारात कागद वेगळे, आणि प्रत्येक हेलपाट्याला आईची एक दिवसाची मजुरी बुडते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशाताई घरोघरी जाऊन ताणतणावाची विचारपूस करू लागल्या, हे मोठेच पाऊल होते. पण त्या प्रकल्पाच्या केंद्रस्थानी कर्ता शेतकरी होता. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातले एकही आले नाही.

या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर आणि उस्मानाबादची (म्हणजे आजच्या धाराशिवची) गावे जमीनदोस्त झाली, तेव्हा ढिगाऱ्याबरोबर मनेही सावरायला हवीत हे काहींनी ओळखले. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेतून डॉ. मोहन आगाशे यांनी भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचे काम आणि अभ्यास हाती घेतला. मराठी माणूस त्यांना ‘घाशीराम’मधला नाना म्हणून ओळखतो, मनोविकारतज्ज्ञ आगाशेंचे हे काम तितकेच लक्षात राहायला हवे. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभारले आणि अनाथ मुलांना त्यांच्याच मुलखात, त्यांच्याच बोलीत वाढवले. जेवण, शाळा, आजारपण, रात्रीचे रडणे, सगळ्याची जबाबदारी एकाच छपराखाली होती. भूकंप एकदा झाला. आत्महत्या मात्र घराघरांत, वर्षानुवर्षे, विखरून होत राहतात, म्हणून मदतीची तशी हाक उठत नाही.

मुलाला खात्याखात्यांत फिरवण्याची हीच टोलवाटोलवी अमेरिकेतही होती. तिथल्या अभ्यासक जेन निट्झर यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले, की गंभीर भावनिक आजाराच्या तीस लाख मुलांपैकी सुमारे वीस लाखांना आवश्यक सेवा मिळतच नाहीत. पुढे नव्वदच्या दशकात मिलवॉकी परगण्याने बालकल्याण, बालन्याय आणि आरोग्य या खात्यांचा पैसा एकत्र केला आणि प्रत्येक कुटुंबाला एक समन्वयक दिला. त्याच्याकडे आठ-दहाच कुटुंबे. शाळेशी तोच बोलणार, डॉक्टरशी तोच, न्यायालयाशीही तोच.

धाराशिवला एवढा पैसा नाही, पण अध्यक्ष एकच आहे. आत्महत्या प्रकरणांची समिती जिल्हाधिकाऱ्यांची, ‘मिशन वात्सल्य’ची जिल्हा समितीही त्यांचीच, आणि आता न्यायालयाने सांगितलेलीही. २०२१ च्या दुरुस्तीने बाल न्याय कायद्यातले त्यांचे अधिकारही वाढले आहेत. मग पंचनाम्यालाच एक पान जोडावे: घरात अठरा वर्षांखालील मुले किती, शाळा कोणती, झोप-जेवण कसे. ‘पात्र-अपात्र’चा निकाल काहीही लागो, ते पान जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जावे आणि त्यावर एका कर्मचाऱ्याचे नाव व मोबाइल क्रमांक असावा. शंभरहून कमी पटाच्या शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, असेही न्यायालयाने सांगितले आहे. वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना तोच क्रमांक द्यावा. तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेचे संकुल आहे, धाराशिवला २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्या कर्मचाऱ्याला शिकवायला माणसे जिल्ह्यातच मिळतील. १४४१६ ही ‘टेली-मानस’ची मोफत हेल्पलाइन मराठीतूनही बोलते, तो क्रमांक त्या पानावर सर्वांत वर छापावा.