पात्याचा बोल्ट सोडवताना डोळा सांभाळा

रब्बीची काढणी उरकली की शेताशेतांत ट्रॅक्टरमागची लेव्हलर ब्लेड दिसू लागतात. पावसाळ्याआधी रान सपाट करायचे, बांध नीट करायचे, पाणंद रस्त्यावर मुरूम पसरायचा, अशी कामे एकामागून एक निघतात. याच दिवसांत ब्लेडचे झिजलेले पाते बदलायचीही वेळ येते. जुने बोल्ट काढायचे आणि नवे पाते लावायचे, एवढेच हे काम वाटते. पण याच कामात एखाद्याचा डोळा कायमचा जाऊ शकतो. त्यामागचे कारण पात्याच्या पोलादातच आहे.

लेव्हलरचा मोठा वाकवलेला पत्रा थेट जमिनीला लागू देत नाहीत. त्याच्या खालच्या कडेला जाड पोलादी पट्टी बोल्टने बसवलेली असते. जमीन ती कापते आणि झीजही तीच सोसते. वाळू आणि मुरमात क्वार्ट्झचे कण असतात. कठीणपणाच्या मोह मापक्रमावर क्वार्ट्झ ७ वर, तर साधे लोखंड ४ ते ५ च्या आसपास आहे. म्हणजे जमीनच लोखंडाला घासते. म्हणून पात्याचे पोलाद तापवून, थंड करून मुद्दाम कठीण केलेले असते. अनेक पात्यांना दोन्ही लांब कडांवर धार असते. एक बाजू झिजली की पाते उलटे करून लावता येते. दोन्ही बाजू संपल्यावरही तेच रेटले तर मात्र पत्रा झिजू लागतो आणि खर्च कितीतरी वाढतो.

या पात्याचा बोल्टही वेगळा असतो. त्याचे डोके चपटे आणि त्याखालची मान चौकोनी असते. डोके पात्याच्या खोबणीत बुडते, त्यामुळे मातीच्या वाटेत काही येत नाही. चौकोनी मान भोकात अडकते, त्यामुळे मागून नट आवळताना बोल्ट फिरत नाही. बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असे आकडे दिसतात, ते त्याची ताकद सांगतात. १६ मिलिमीटरचा १०.९ बोल्ट तुटायला साधारण १६ टनांचा ताण लागतो. त्याच जाडीचा साधा ४.६ बोल्ट ६ टनांच्या आसपासच तुटतो. म्हणून मिळेल तो बोल्ट ठोकून देऊ नये.

पाते जागेवर राहते ते बोल्टच्या आवळणीमुळे. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि पाते व पत्रा एकमेकांवर घट्ट दाबले जातात. हा दाब गेला की पाते हलू लागते, भोके मोठी होतात आणि बोल्ट तुटतो. पान्याला लावलेल्या जोरापैकी सुमारे नव्वद टक्के जोर घर्षणातच खर्च होतो. जेमतेम दहा टक्के ताण बोल्टला मिळतो. आट्यांत गंज किंवा माती असेल तर तोही मिळत नाही. म्हणून पाते बसवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग आणि आटे साफ करावेत. पहिल्या काही तासांच्या कामानंतर नट पुन्हा आवळावेत, कारण रंगाचा आणि मातीचा थर तोवर दबलेला असतो.

खरा धोका जुने बोल्ट काढताना असतो. गंजलेला नट हलत नाही, मग हातोडा आणि छिन्नी निघते. वाळूपुढे टिकण्यासाठी पोलादाला दिलेला कठीणपणाच इथे उलटतो, कारण कठीण पोलाद ठिसूळ असते. घाव बसला की त्याचा बारीक कण प्रचंड वेगाने उडतो. डोके पसरलेल्या छिन्नीचेही तुकडे असेच उडतात. कण इतका बारीक आणि धारदार असतो की तो बुबुळातून आत शिरतो आणि जखम मागे मिटते. कधी फारसे दुखत नाही, सुरुवातीला नीट दिसतेही. ‘कचरा गेला असेल’ म्हणून माणूस कामाला लागतो. आत राहिलेले लोखंड मात्र हळूहळू विरघळून नेत्रपटलाला विषारी ठरते. जंतुसंसर्ग झाला तर काही दिवसांतच दृष्टी जाऊ शकते.

असे घडले तर डोळा चोळू नये, जोराने धुऊ नये, तूप, मध किंवा दूध घालू नये. काडीने किंवा चिमट्याने कण काढायचा प्रयत्न करू नये. डोळ्यावर दाब न येईल असा कागदी पेला चिकटवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून वाटेत काही खाऊ-पिऊ नये. डॉक्टरांना एक वाक्य हमखास सांगावे: ‘लोखंडावर लोखंड आपटत होतो.’ त्यावरून ते एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करून कण शोधतात. अशा रुग्णाचा एमआरआय करत नाहीत, कारण चुंबकामुळे डोळ्यातला लोखंडी कण सरकू शकतो.

हे टाळणे अवघड नाही. नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे. लांब पान्याने प्रयत्न करावा. तरीही नट हलला नाही तर तो कापून टाकावा, नवा बोल्ट डोळ्यापेक्षा फार स्वस्त आहे. हातोडा उचलण्यापूर्वी बाजूने झाकणारा संरक्षक चष्मा घालावा. नंबरचा साधा चष्मा पुरत नाही. मुलांना आणि बघ्यांना लांब ठेवावे, कारण कण कुणाच्याही डोळ्यात जाऊ शकतो. ब्लेड भक्कम लाकडी ठोकळ्यांवर टेकवावे, इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. हायड्रॉलिकवर उचललेल्या ब्लेडखाली हात-पाय घालू नयेत. इंजिन बंद असले तरी कुणाचा हात लिव्हरला लागला तर ब्लेड खाली येते. यंदा नवे पाते आणाल तेव्हा त्याच पिशवीत एक संरक्षक चष्माही घ्या.