काडी न लावता पेटणारा कोळसा

झारखंडमधील धनबाद जिल्ह्यात असलेल्या झरिया कोळसा क्षेत्रातील भूमिगत आगीची पहिली नोंद १९१६ मध्ये झाली. शतक उलटून गेले, तरी ही आग पूर्णपणे विझलेली नाही. ती कोणी लावली, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी कोळशाच्या रसायनशास्त्रातच दडलेले आहे.

दगडी कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींचे अवशेष. त्यातील मुख्य घटक कार्बन. कार्बनचा हवेतील प्राणवायूशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि उष्णता बाहेर पडते. १२ किलो कार्बन जाळण्यासाठी ३२ किलो प्राणवायू खर्ची पडतो. प्राणवायू अपुरा पडल्यास मात्र कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन, विषारी वायू निर्माण होतो.

भट्टीत टाकलेला कोळसा एकदम पेटत नाही. प्रथम त्यातील ओलावा निघून जातो. तापमान आणखी वाढल्यावर ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात. आपल्याला दिसणारी ज्वाला मुख्यतः या वायूंची असते. मागे उरलेला कार्बन निखाऱ्याच्या रूपाने सावकाश जळतो आणि शेवटी राख उरते.

आतली धग

मात्र प्राणवायूशी होणारा हा संयोग साध्या तापमानालाही अत्यंत मंद गतीने सुरूच असतो. मोकळ्या हवेत ती किंचितशी उष्णता निघून जाते. परंतु ढिगाच्या पोटात अथवा जुन्या खाणीत हवा शिरते ती संयोगापुरती. उष्णता वाहून नेण्याइतकी नव्हे. उष्णता साठते, तापमान वाढते, त्यामुळे संयोगाचा वेग वाढतो आणि अखेर कोळसा आपोआप पेट घेतो. चुऱ्याचा अधिक पृष्ठभाग हवेच्या संपर्कात येत असल्याने त्याला हा धोका जास्त. म्हणूनच औष्णिक वीज केंद्रांत कोळशाचे साठे दाबून घट्ट केले जातात.

झरियात राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या काळात कोळसा काढून झाल्यावर अनेक भुयारे वाळूने न भरता तशीच सोडण्यात आली. आत उरलेले कोळशाचे खांब तापत गेले. जमीन खचून भेगा पडल्या आणि त्यांतून आगीला आणखी हवा मिळाली.

अशा आगीवर नुसते पाणी ओतून भागत नाही. लालबुंद कोळशावर वाफ गेली की हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड हे ज्वलनशील वायू तयार होतात. त्यामुळे भेगा मातीने बुजवणे, पोकळ्यांत वाळू भरणे, नायट्रोजन सोडणे किंवा जळता थर खणून काढणे, हेच उपाय उरतात.

आग आणि पुनर्वसनाचा आराखडा २००९ मध्ये मंजूर झाला. २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ५,९४० कोटी रुपयांच्या सुधारित आराखड्याला संमती दिली. भेगाळलेल्या जमिनीवर राहणाऱ्या कुटुंबांसाठी प्रश्न केवळ घराचा नाही. तिथला रोजगारही त्याच कोळशावर अवलंबून आहे.