विंचवाचा घाम

श्रोतेहो, एकनाथ महाराजांचे विंचवाचे भारूड आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. जत्रेत ऐकलेले आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकलेले आहे. विंचू चावलेला माणूस रंगमंचावर नाचतो, विव्हळतो आणि आपण पोट धरून हसतो. नाथांना सांगायचे होते ते काम-क्रोधाच्या विंचवाबद्दल, हे खरे. पण त्या भारुडात एक बारीक निरीक्षण आहे. विंचू चावल्यावर अंगाला घाम येतो, असे नाथ म्हणतात. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. हे भारूड मी वर्गात अनेकदा शिकवले आहे. पण त्या घामाचा अर्थ मला कळायला फार उशीर झाला. आज मी तुमच्याशी त्या घामाबद्दलच बोलणार आहे.

आधी एक घरची गोष्ट सांगतो. साल १९८९, महिना मे. मी आठ-नऊ वर्षांचा होतो आणि सुटीत कोकणात आजोळी गेलो होतो. त्या महिन्यात वाडीत दोघांना विंचू चावला. पहिली आमची मामी. लाकडे काढताना तिच्या बोटाला नांगी लागली. रात्रभर तिने वाडी डोक्यावर घेतली. "मेले गो बाय, मेले" असा तिचा आक्रोश चालू होता. सकाळी ती चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. आठ दिवसांनी शेजारच्या घरातल्या एका मुलाला विंचू चावला. तो माझ्याच वयाचा, माझ्याबरोबर करवंदे तोडायला येणारा. तो फारसा रडला नाही. दुखतंय का विचारले तर म्हणाला, "थोडं." मग त्याला उलटी झाली. सदरा घामाने पिळून काढावा इतका भिजला. हातपाय गार पडले. मंत्र घालणारे आजोबा बसले होते, ते म्हणाले, "विष उतरतंय. उलटीतनं जातंय, घामातनं जातंय. आता भ्यायचं कारण नाही." सगळ्यांना धीर आला. पहाटे त्या पोराला धाप लागली, तोंडाला फेस आला, आणि उजाडायच्या आत तो गेला.

ते आजोबा लबाड नव्हते. त्यांनी पैसा घेतला नव्हता, आणि पोर गेल्यावर ते स्वतः ओटीवर बसून रडले. चूक एकच झाली, आणि ती आम्हा सगळ्यांची होती. जी धोक्याची घंटा होती, ती आम्ही आरामाची खूण समजलो.

आता दुसरी गोष्ट ऐका. ती एका डॉक्टरची आहे. आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात देहेड नावाचे गाव आहे. तिथल्या गरीब शेतकरी कुटुंबात १९५१ साली हिंमतराव बावस्कर जन्मले. मिळेल ते काम करीत ते शिकले आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. १९७६ साली त्यांची नेमणूक महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. बदली करून घेऊन शहर गाठावे, असे वाटण्यासारखीच ती जागा होती. रस्ते बेताचे, वीज बेताची, आणि रात्री-अपरात्री डोलीतून येणारे रोगी. त्यांत विंचू चावलेले पुष्कळ. या तरुण डॉक्टरने पाहिले की धडधाकट माणसे आणि खेळती मुले तांबड्या विंचवाच्या दंशाने डोळ्यांदेखत मरतात आणि पुस्तकात त्यावर खात्रीचा इलाज नाही. जी औषधे तेव्हा सरसकट दिली जात, त्यांतली काही निरुपयोगी होती, तर काहींनी रोग्याचे हृदय उलट अधिकच दमत होते.

मग त्यांनी काय केले? रोग्याच्या खाटेशेजारी बसून राहिले. नाडी किती, रक्तदाब किती, श्वास कसा, घाम केव्हा सुटला, हातपाय केव्हा गार पडले, हे तासातासाला वहीत टिपत गेले. मोठी प्रयोगशाळा नव्हती. वही होती, जागरण होते, आणि समोरचा माणूस का मरतो हे समजून घेण्याची तळमळ होती. या नोंदींतून त्यांनी धोक्याच्या पूर्वखुणा निश्चित केल्या. १९८२ साली त्या लंडनच्या 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. कोकणातल्या एका आरोग्य केंद्रातले निरीक्षण जगभरचे डॉक्टर वाचू लागले.

त्या खुणा कोणत्या? शिक्षक मित्रहो, या फळ्यावर लिहून ठेवण्यासारख्या आहेत. उलटी होणे. दरदरून घाम सुटणे. तोंडाला लाळ सुटणे. हातपाय गार पडणे. मुलग्यांच्या व पुरुषांच्या इंद्रियाला आपोआप ताठरपणा येणे. ही शेवटची खूण सांगायला लोक लाजतात, पण डॉक्टरला ती फार मोलाची असते, म्हणून ती लपवू नये. आणि सर्वांत ध्यानात ठेवायची गोष्ट ही की नुसते दुखणे म्हणजे धोका नव्हे. ज्याला जागेवर भयंकर आग होते पण यांतली एकही खूण नाही, तो बहुधा तरून जातो. आमची मामी तशी तरली. ज्याला फारसे दुखत नाही, पण घाम आणि उलटी सुरू झाली, तो संकटात आहे. थोडक्यात, ओरडणाऱ्याला धीर द्या आणि गप्प पडलेल्याला उचलून दवाखान्यात न्या.

असे का होते? विंचवाचे विष मज्जातंतूंवर हल्ला करते. शरीरात संकटाच्या वेळी अंगावर धावून जाण्यासाठी किंवा पळून जाण्यासाठी काही द्रव्ये रक्तात सुटतात. विषामुळे ती द्रव्ये पूर आल्यासारखी सुटत राहतात. त्यामुळे हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो आणि हृदयावर भार येतो. शेतकरी बांधवांना हे चटकन कळेल. विहिरीवरची मोटार चालू आहे आणि पुढे पाइपाचे तोंड कुणीतरी आवळून धरले, तर काय होईल? पाणी मागे रेटेल, सांधे गळू लागतील आणि शेवटी मोटार बसेल. इथे मोटार म्हणजे हृदय. मागे रेटलेला द्रव फुप्फुसांत उतरतो आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडू लागतो. त्या मुलाच्या तोंडाला आलेला फेस तोच होता.

मग इलाज काय? आवळलेले तोंड सैल करायचे. त्यासाठी औषध नवीन शोधावे लागले नाही. रक्तदाबाच्या रोग्यांना देतात ती प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी नेमके हेच काम करते. डॉ. बावस्करांनी ती विंचूदंशाच्या रोग्यांना दिली आणि रोगी वाचू लागले. हा अनुभव १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. गंभीर अवस्थेत आलेल्या शंभर रोग्यांपैकी पूर्वी चाळीसच्या आसपास दगावत; या उपचारानंतर ते प्रमाण एकाच्या घरात आले. पुढे मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होणाऱ्या विंचूदंशावरील प्रतिविषाचीही त्यांनी महाडला पारख केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७० रोगी होते. नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकी ८ जण दहा तासांच्या आत पूर्ण बरे झाले; सोबत प्रतिविषही दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण. या सगळ्या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर बरोबरीने होत्या. मधल्या काळात पुण्याला जाऊन पुढचे शिक्षण घेतलेला हा डॉक्टर शहरात न राहता महाडलाच परत आला. २०२२ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. औषध १९८६ साली जगाला सांगून झाले होते. माझा सवंगडी १९८९ साली गेला. ते औषध कोकणातच सापडले होते, आणि आम्ही होतो कोकणातच. मग मधे अडले काय? फक्त माहिती अडली. ज्ञान लंडनच्या कागदावर पोहोचले, पण आमच्या ओटीवर पोहोचले नाही. हे भाषण मी एवढ्याचसाठी करतो आहे.

तेव्हा विंचू चावला तर करायचे काय, ते क्रमाने सांगतो. घड्याळ पाहा आणि वेळ लक्षात ठेवा. डॉक्टरांचा तो पहिला प्रश्न असतो. माणसाला आडवे करा, शांत ठेवा. चावल्या जागी थंड पाण्याची घडी ठेवायला हरकत नाही. चिरा देऊ नका, करकचून दोरी बांधू नका, दारू पाजू नका. लहान मूल असेल तर खुणांची वाट पाहत बसू नका, सरळ निघा. मोठे माणूस असेल आणि वरच्यांपैकी एकही खूण दिसली, तरी लगेच निघा. काहीच खूण नसली तरी दवाखान्याजवळ काही तास राहिलेले बरे, कारण खुणा उशिराही दिसू शकतात. प्राझोसिनची गोळी घरच्या घरी मात्र देऊ नका. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोग्याला आडवे ठेवून देतात. मुलाला गोळी दिल्यावर मायेपोटी लगेच उचलून कडेवर घेऊ नका, त्याला झोपूनच राहू द्या.

कुणी म्हणेल, मंत्राने पुष्कळ लोक बरे झालेले आम्ही पाहिले आहेत. बरोबर आहे. मोठ्या काळ्या विंचवाचा, ज्याला आपण इंगळी म्हणतो, त्याचा दंश सहसा जिवावर बेतत नाही. तांबड्याच्या दंशातूनही, विष थोडे गेले असेल तर, माणूस आपोआप उठतो. त्याचे श्रेय मंत्राला मिळते. तुमची श्रद्धा असेल तर मंत्र जरूर म्हणा, पण गाडीत बसून, दवाखान्याच्या वाटेवर म्हणा. मंत्राला गाडीतही अडचण नाही. विष मात्र ओटीवर थांबत नाही.

हाच नियम इतर संकटांनाही लागू आहे. मण्यार रात्री अंथरुणात चावते, तेव्हा दुखतही नाही आणि खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. तेवढ्यावरून ओळखावे आणि धावावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते, तेव्हा साप मारून पुराव्याला नेण्याची गरज नाही. छातीवर दडपण येऊन गार घाम फुटला, तर तो गॅस आहे असे समजून ओवा चावत बसू नका. बोलता बोलता तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, जीभ अडखळू लागली, तर वाऱ्यावर भार घालून तेल चोळीत बसू नका. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचे औषध पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडते. महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ क्रमांकावर फोन केला की विनामूल्य रुग्णवाहिका येते. फोनवर घाबरून ओरडू नये. गाव, वाडी, जवळची ठळक खूण आणि काय झाले आहे, एवढे चार शब्दांत सांगावे. गाडी दूर असेल तर गावातले वाहन काढून अर्ध्या वाटेवर भेटावे.

शेवटी शिक्षकांना एक विनंती. जवळच्या आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात एकदा जाऊन या. विंचवावरची गोळी आणि सापावरची लस शिलकीत आहे का, ते विचारा. नसेल तर ग्रामसभेत बोला. दूरध्वनी क्रमांक शाळेच्या भिंतीवर ठळक रंगवा. उन्हाळ्यात आणि भातकापणीच्या दिवसांत प्रार्थनेनंतर पाच मिनिटे काढून मुलांना सांगा : चपला झटकून घाला, अंथरूण झाडून टाका, दगड आणि लाकडे हात न घालता काठीने हलवा. आणि त्या पाच खुणा पाठ करून घ्या. मूल जे शाळेत पाठ करते ते घरी आजीला म्हणून दाखवते. आमच्या वाडीत तसे एखादे मूल असते, तर त्या रात्री कुणीतरी म्हणाले असते, "आजोबा, घाम येतोय म्हणजे विष उतरत नाही, चढतंय."

पुढच्या वेळी नाथांचे भारूड ऐकाल तेव्हा मनमुराद हसा. पण घामाचा शब्द आला की शेजारच्या मुलाला एवढे विचारा, "घाम सुटला तर काय करायचं रे?" त्याने "दवाखाना" असे उत्तर दिले, तर हे भाषण कारणी लागले असे मी समजेन.