वऱ्हाडातला 'र' आणि जगाची नामसूची

'आचार्यास बोलवा' आणि 'आचाऱ्यास बोलवा' या दोन वाक्यांतील भेद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या वाक्याने गुरुजी येतात, दुसऱ्याने स्वयंपाकी. पहिल्या शब्दात जोडाक्षराचा आघात मागील अक्षरावर पडतो, दुसऱ्यात तो पडत नाही. आणि हा उच्चारभेद लिपीने रफार व अर्धचंद्राकृती 'र' अशी दोन भिन्न चिन्हे योजून राखला आहे. कऱ्हाड आणि वऱ्हाड ही स्थलनामे या दुसऱ्या चिन्हावाचून शुद्ध लिहिताच येत नाहीत. हे चिन्ह इंटरनेटवरील नावांत वापरता यावे की नाही, हा प्रश्न मात्र मराठी व्याकरणकारांच्या हाती राहिलेला नाही. तो कोठे व कसा सुटतो, आणि त्या निर्णयात आपला वाटा किती, याचे थोडक्यात विवेचन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास अंकांचा एक पत्ता असतो. माणसाला अंक स्मरणात ठेवणे कठीण, म्हणून त्या पत्त्यास नाव देण्याची व्यवस्था झाली. हेच डोमेन नाव होय. ही व्यवस्था प्रथम घडली तेव्हा नावांत केवळ रोमन अक्षरे, अंक व संयोगचिन्ह यांनाच स्थान होते. इतर लिप्यांतील नावे वापरण्याची पद्धती २००३ मध्ये प्रमाणित झाली. तीत देवनागरी नावाचे एका ठरावीक रीतीने रोमन अक्षरांच्या मालिकेत रूपांतर होते; वाचकाला देवनागरी दिसते, यंत्राला रोमन मालिका पोचते.

परंतु या नियमांत एक उणीव राहून गेली. संगणकावर अर्धचंद्राकृती 'र' दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात 'ऱ' हे स्वतंत्र वर्णचिन्ह घेऊन त्यास हलन्त जोडतात. दुसऱ्यात साधा 'र' व हलन्त यांच्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. २००३ च्या नियमांनुसार हे अदृश्य चिन्ह नावातून मुकाट्याने गाळले जाई. म्हणजे या दुसऱ्या रीतीने 'आचाऱ्यास' लिहिणाऱ्याच्या पदरी 'आचार्यास' पडे, आणि आपण लिहिले ते हेच नव्हे, याची सूचनाही त्याला मिळत नसे. फारसी व सिंहली या भाषांचीही अशाच अदृश्य चिन्हांबाबत अडचण होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांनी ही चिन्हे विशिष्ट परिस्थितीत, उदाहरणार्थ हलन्तानंतर, ग्राह्य धरली.

येथे दुष्ट हेतू कोणाचाच नव्हता. ज्यांच्या भाषेत अदृश्य चिन्हाने अर्थ बदलत नाही, त्यांना ते निरुपयोगी वाटणे स्वाभाविक आहे. नियम करणाऱ्यांच्या मंडळीत ज्या भाषेचा जाणकार नसतो, त्या भाषेची हानी बहुधा अशीच, कोणाच्या ध्यानात न येता होते.

२

नावांच्या या व्यवस्थेच्या शिखरावर एक मूळ सूची आहे. 'भारत' हे देवनागरी नाव त्या सूचीत आहे, आणि २०१४ च्या ऑगस्टपासून त्याखाली नावांची नोंदणी सुरू झाली. या मूळ सूचीच्या धोरणाचे काम १९९८ मध्ये स्थापन झालेली आयकॅन ही संस्था पाहते. कोणत्या लिपीतील कोणती चिन्हे येथे ग्राह्य, हे ठरविण्यासाठी तिने त्या त्या लिपीच्या जाणकारांची मंडळे नेमण्याची रीत स्वीकारली. ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ भारतीय लिप्यांसाठी असे एक मंडळ झाले, आणि त्याने सिद्ध केलेले देवनागरीचे नियम २०१९ मध्ये मूळ सूचीच्या नियमांत समाविष्ट झाले.

मंडळापुढील प्रश्न वरवर वाटतात तितके सोपे नव्हते. देवनागरी 'म' आणि गुरुमुखीतील 'स' यांच्या आकृती इतक्या सारख्या आहेत की, एकाच्या जागी दुसरा ठेवून वाचकाला फसविणे शक्य आहे. 'ठ' तर दोन्ही लिप्यांत जवळजवळ एकच. अशा जोड्या हेरून त्यांवर बंधन घालावे लागले. अदृश्य चिन्हांना तर मूळ सूचीत मुळीच प्रवेश नाही. कारण जे डोळ्यांना दिसत नाही त्यावरून दोन नावे भिन्न ठरली, तर फसवणुकीस वाव मिळतो. मग कऱ्हाडचे काय? त्याचा मार्ग 'ऱ' या स्वतंत्र वर्णाने मोकळा केला. मराठी, कोंकणी व नेपाळी या भाषांची गरज ओळखून 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' या जोडण्यांपुरता त्यास प्रवेश मिळाला. सुरक्षिततेची अट पाळली गेली आणि भाषेचे रूपही राहिले. दोन्ही बाजूंचे ज्ञान एकत्र आले म्हणूनच हे घडले.

३

यावरून सहभागाचा प्रश्न हा केवळ प्रतिष्ठेचा नाही, हे स्पष्ट व्हावे. तसे पाहता या संस्थांची दारे बंद नाहीत. आयकॅनच्या सभांना कोणासही शुल्कावाचून उपस्थित राहता येते, दुरूनही भाग घेता येतो, आणि नियमांचे मसुदे लोकांच्या अभिप्रायासाठी प्रसिद्ध होतात. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००६ मध्ये अथेन्स येथे सुरू झालेली इंटरनेट-व्यवस्थापनाची वार्षिक परिषद २००८ मध्ये हैदराबादेस भरली होती. आयकॅनची सभाही त्याच नगरात २०१६ मध्ये झाली.

तथापि दार उघडे असणे वेगळे आणि उंबरठा ओलांडता येणे वेगळे. आयकॅनच्या सभांतील भाषणांचे भाषांतर प्रामुख्याने संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत होते, आणि त्यांत एकही भारतीय भाषा नाही. मसुदे दीर्घ, त्यांची परिभाषा दुर्बोध, अभिप्रायाची मुदत थोडी. तालुक्याच्या गावी मराठी शिकविणारा अध्यापक वऱ्हाडातल्या 'र'विषयी सभेतील कोणाहूनही अधिक जाणत असेल, परंतु तेथवर पोचण्याचे साधन त्याच्यापाशी नाही.

४

आणि साधन म्हणताच दुसरा प्रश्न पुढे येतो, तो परवडणाऱ्या जोडणीचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२५ च्या अंदाजानुसार जगातील सुमारे २२० कोटी लोक इंटरनेटपासून दूर आहेत. प्राथमिक जोडणीचा मासिक खर्च दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांहून अधिक नसावा, असे प्रमाण संयुक्त राष्ट्रांशी संलग्न ब्रॉडबँड आयोगाने सुचविले आहे. पण सरासरी फसवी असते. जे कुटुंब सरासरीच्या कितीतरी खाली आहे, त्यास तेच दोन टक्के जड जातात.

खेड्यांच्या बाबतीत खर्चाचा मोठा भाग जोडणी गावापर्यंत नेण्याचा असतो. वस्ती विरळ, वाट डोंगराळ, आणि ग्राहक थोडे. या दृष्टीने मुंबईच्या आय. आय. टी. ने पालघर जिल्ह्यात केलेला 'ग्राम मार्ग' हा प्रयोग लक्षणीय आहे. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या परंतु वापरात नसलेल्या लहरी झाडीतून व लांबवर पोचू शकतात. त्यांच्या साहाय्याने जोडणी गावापर्यंत आणावयाची आणि पुढे वाय-फायने वाटावयाची, अशी ही योजना. तिला २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. मात्र अशा लहरी कोणी, कोणत्या अटींवर वापराव्यात, हे पुन्हा धोरणाने ठरते. म्हणजे आपण फिरून सहभागाच्याच प्रश्नाशी येऊन पोचतो.

हे चक्र ध्यानी घेण्यासारखे आहे. जोडणी नाही म्हणून धोरणात सहभाग नाही, आणि सहभाग नाही म्हणून धोरण जोडणीला अनुकूल नाही. ते एका ठिकाणी तोडून भागणार नाही.

भाषाविभागांनी यात काय करावे? तंत्रज्ञ होण्याची आवश्यकता नाही. आपल्या भाषेतील अर्थभेदक चिन्हांच्या साधार नोंदी सिद्ध कराव्यात, प्रसिद्ध होणारे मसुदे विद्यार्थ्यांसह वाचावेत, आणि मुदतीच्या आत लेखी अभिप्राय पाठवावा. जे अभिप्राय कोणी पाठविलेच नाहीत, त्यांचा विचार झाला नाही अशी तक्रार करण्याचा अधिकार आपणास राहत नाही. 'ऱ्ह'ची बाजू कोणीतरी वेळेवर मांडली, म्हणून वऱ्हाड आज मूळ सूचीतही वऱ्हाड म्हणून लिहिता येईल.