गल्ल्यातलं खेळाचं नाणं: ठेवायचं की फिरवायचं?



आमच्या बेडसे गावात शनिवार-रविवारी लेणी बघायला गर्दी झाली की गल्ल्यात चिल्लर साठते. ती मोजताना नाणं उलटून बघायची सवय लावा. छंदही होतो आणि धंद्याचा एक धडाही मिळतो.

ओळखायचं कसं?

खेळांचे दोन प्रसंग लक्षात ठेवा. पहिला, १९८२ चे दिल्लीतले नववे आशियाई खेळ. त्यांची १० पैसे, २५ पैसे आणि २ रुपयांची नाणी चलनात आली होती. दुसरा, २०१० चे दिल्लीचे राष्ट्रकुल खेळ. त्यांची २ आणि ५ रुपयांची नाणी आली. आता सालाखाली बघा. पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. नाणं घासून चकचकीत करू नका, संग्राहक तसं नाणं पसंत करत नाहीत.

किंमत किती?

२ आणि ५ रुपयांची ही नाणी आजही चालतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला नाही म्हणू नका. २५ पैसे आणि त्याखालची नाणी मात्र ३० जून २०११ पासून बाद झाली. ५ रुपयांचं नाणं दुकानात ५ रुपयांचंच. जास्त भाव तेव्हाच, जेव्हा समोर खरा घेणारा उभा असेल. मालाचंही तसंच असतं ना?

दुकानदाराचा नियम

नाणं आवडलं तर घ्या, पण तेवढेच पैसे स्वतःच्या खिशातून गल्ल्यात टाका. समजा, ५ रुपयांची ४० नाणी तशीच डब्यात गेली, तर संध्याकाळी गल्ला २०० रुपयांनी कमी भरणार. मग शंका येणार कामावरच्या पोरावर. छंद तुमचा, गल्ला धंद्याचा.

सावध राहा

“तुमच्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी टॅक्स भरा,” असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि कमिशनही मागत नाही. विकणाऱ्याकडेच आधी पैसे मागतो, तो घेणारा नव्हेच!

आज रात्री गल्ला मोजताना २०१० साल शोधा. सापडलं तर आधी ५ रुपये टाका, मग नाणं उचला.